उंची, वजन आणि कंबर: तुझ्या चार आकड्यांपैकी खरा कोणता?

सांगलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात देते:

"ताई, माझं वय ४१, उंची ५ फूट २ इंच, वजन ५८ किलो. बँकेत नोकरी. मागच्या महिन्यात बँकेत हेल्थ कॅम्प झाला, तिथे माझा बीएमआय २३.५ काढला आणि कागदावर 'ओव्हरवेट' लिहून दिलं. घरी येऊन मोबाइलच्या ॲपमध्ये टाकलं तर त्याच २३.५ ला 'नॉर्मल', हिरव्या रंगात. मग एका वेबसाइटवर उंची, वजन, वय टाकलं तर म्हणे तुमच्या अंगात ३२ टक्के फॅट. शेवटी मैत्रिणीबरोबर जिममध्ये गेले, तिथल्या मशीनवर उभी राहिले तर ३७ टक्के! ट्रेनर म्हणाला मॅडम तुम्ही ओबेस कॅटेगरीत आहात, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, २४ हजार. मला रात्रभर झोप नाही. मिस्टरांचं वय ४५, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६६. त्यांचा बीएमआय २२.८ आणि त्या वेबसाइटप्रमाणे फॅट फक्त साडेएकवीस टक्के. ते म्हणतात मी फिट आहे, तूच सांभाळ. त्यांचं पोट तेवढं सुटलंय, पण हातपाय बारीकच आहेत. हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर गल्ल्यावर बसून असतात, दुकान बंद करून रात्री दहाला जेवण. सासूबाईंना शुगर आहे. आमच्या मुलीचं पण टाकून बघितलं, ती १२ वर्षांची आहे, १७ आला आणि 'अंडरवेट' दाखवलं. आता यातलं नक्की खरं काय मानू?"

अगं, पहिलं म्हणजे झोप. आज रात्री शांत झोप, कारण तुला आलेल्या चार आकड्यांमध्ये घाबरून रात्र जागवावी असा एकही आकडा नाहीये. पण तुझ्या पत्रातल्या एका ओळीने माझी मात्र झोप उडवली, आणि ती ओळ तुझ्याबद्दलची नव्हती. तिच्याकडे येतेच. त्यासाठीच तुला परवा उलट मेसेज करून दोघांच्या कमरेची मापं मागवली होती, आणि तू लगेच टेप घेऊन बसलीस म्हणून खूप बरं वाटलं.

आधी तुझा घोळ सोडवूया. एकाच २३.५ ला कॅम्पवाले ओव्हरवेट म्हणतात आणि ॲप नॉर्मल म्हणतं, तर दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाहीये, दोघांच्या हातातली पट्टी वेगळी आहे. जगभरात चालणारी जी पट्टी आहे तिच्यात १८.५ ते २५ पर्यंत नॉर्मल आणि ३० पासून लठ्ठपणा. तुझं ॲप ती वापरतं, बहुतेक ॲप तीच वापरतात. पण भारतीय माणसाला त्याच्या कितीतरी आधी शुगर आणि बीपी सुरू होतं हे आपल्याकडच्या डॉक्टरांना दिसत होतं, म्हणून २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यासाठी रेषा खाली आणली, २३ च्या पुढे ओव्हरवेट आणि २५ पासून लठ्ठपणा. कॅम्पवाल्यांनी ही पट्टी लावली आणि आपल्यासाठी तीच योग्य आहे. आता हिशोब कर, तुझ्या उंचीला २३ म्हणजे साधारण ५६.७ किलो. म्हणजे 'नॉर्मल' आणि 'ओव्हरवेट' या दोन शब्दांमध्ये तुझ्या बाबतीत फरक किती, तर सव्वा किलोचा. सकाळी आणि रात्री एकाच काट्यावर उभी राहिलीस तर जेवणखाण पाणी धरून त्यातला बराचसा फरक तसाच दिसेल. एवढ्यासाठी कोणी रडायचं नसतं.

आणि हा बीएमआय मुळात काय आहे हे कळलं की त्याची भीती निम्मी होते. वजन किलोत घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, झालं. हे गणित काढलं ॲडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियमच्या माणसाने, १८३० च्या दशकात, आणि तो डॉक्टर नव्हता, तो खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रवाला होता. त्याला लठ्ठपणा शोधायचाच नव्हता, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते मांडायचं होतं, आणि मोठ्या माणसांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्याला दिसलं. पुढे जवळपास १४० वर्षांनी, १९७२ मध्ये, अँसेल कीझ या अमेरिकन संशोधकाने पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं तपासली, उंची-वजनाच्या वेगवेगळ्या सूत्रांमध्ये हेच त्यातल्या त्यात बरं म्हणून निवडलं आणि बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. नुसत्या पुरुषांची हं, बाया त्यात नव्हत्या आणि भारत पण नव्हता. हजारो लोकांची तुलना करायला हे सूत्र चांगलंच आहे, स्वस्त आहे, एक काटा आणि भिंतीवरची पट्टी पुरते. पण त्यात फॅट मोजलेलं कुठेच नसतं, हे डोक्यात पक्कं ठेव. काट्याला हाडं, स्नायू, पाणी, चरबी सगळं सारखंच. कोल्हापूरच्या तालमीत रोज हजार जोर-बैठका मारणारा पैलवान आणि त्याच्याच उंचीचा, त्याच्याच वजनाचा, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, दोघांचा बीएमआय दशांशापर्यंत एकच येणार. सूत्राला दुसरं काही येतच नाही.

आता तुझे ३२ टक्के. ती वेबसाइट काय करते माहितीये? ती तुझा बीएमआय घेते, त्याला १.२ ने गुणते, मग तुझ्या वयाला ०.२३ ने गुणून ते त्यात मिळवते आणि शेवटी ५.४ वजा करते. पुरुष असेल तर आणखी १०.८ वजा. एवढंच! करून बघ कागदावर, २३.५ गुणिले १.२ म्हणजे २८.२, अधिक ४१ गुणिले ०.२३ म्हणजे ९.४, बेरीज ३७.६, त्यातून ५.४ गेले, ३२.२. आला ना तुझा आकडा? हे सूत्र डॉइरेनबर्ग नावाच्या संशोधकाचं, १९९१ चं, नेदरलँड्समधल्या १,२२९ लोकांवरून बसवलेलं. त्यांनी त्या लोकांच्या अंगाची घनता काढून फॅट ठरवलं होतं, आणि मग उंची, वजन, वय, स्त्री की पुरुष एवढ्यावरून त्या फॅटचा अंदाज कसा बांधता येईल ते सूत्रात बसवलं. म्हणजे तुला जो ३२ आला तो तुझ्या अंगातून आलेला नाही, तो 'तुझ्या वयाच्या, तुझ्या बीएमआयच्या डच बाईमध्ये सरासरी एवढं फॅट असावं' असा अंदाज आहे.

त्या सूत्रात अजून दोन गोष्टी आहेत ज्या बघितल्या तर तुझ्या घरातलं भांडण मिटेल. एक म्हणजे ते १०.८. मिस्टर जे मिरवतायत की माझं साडेएकवीस आणि तुझं बत्तीस, त्यात १०.८ टक्के तर सूत्राने ते पुरुष आहेत म्हणून आपोआप वजा केलेत. बाईच्या अंगात पुरुषापेक्षा फॅट जास्त असतंच, मांड्या, नितंब, छाती, ते निसर्गाने गरोदरपण आणि अंगावर पाजण्यासाठी ठेवलेलं आहे, तो काही आजार नाही. नवरा-बायकोने एकमेकांचे टक्के शेजारी ठेवून बघायचेच नसतात. दुसरं ते ०.२३. तू दहा वर्षं वजन एक ग्रॅमने हलू दिलं नाहीस, उलट रोज डंबेल उचलून स्नायू कमावलेस, तरी ते सूत्र दहा वर्षांत तुझ्या नावावर २.३ टक्के फॅट चढवणारच. आणि एखादा माणूस वजन तेवढंच ठेवून पोट वाढवत, हातापायाचे स्नायू घालवत गेला तर त्याचंही तेवढंच चढवणार. दोघं सारखेच.

मग जिमचं मशीन. ते निदान अंगातून काहीतरी मोजतं, हे खरं. पायाखालच्या पट्ट्यांतून अगदी सौम्य करंट सोडतात, पाणी असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडखळत जातो, तो किती अडला यावरून हिशोब लावतात. पण मोजलेला असतो फक्त अडथळा. बाकी पुन्हा तू भरलेली उंची, वजन, वय, स्त्री-पुरुष हेच घेऊन आतलं एक सूत्र फॅटचा आकडा काढतं, आणि ते सूत्र कुठल्या देशातल्या लोकांवर बसवलंय ते त्या ट्रेनरलाही माहीत नसतं. शिवाय पाणी कमी प्यायलीस, आधी घाम गाळलास, पोटभर जेवून गेलीस, पाळी जवळ आली असेल, तर आकडा हलतो. तू तर ऑफिस सुटल्यावर तशीच गेली होतीस, दिवसभर एसीत बसून, पाणी किती प्यायली असशील देव जाणे. त्या मशीनचा एकच चांगला उपयोग आहे, तेच मशीन, सकाळी, उपाशी पोटी, लघवीला जाऊन आल्यावर, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं आणि आकडा वर जातोय की खाली एवढंच बघायचं. एकदा उभं राहून आलेल्या आकड्यावर कोणाला ओबेस म्हणणं चूक आहे आणि त्यावर घाबरवून २४ हजार काढणं त्याहून मोठी चूक. फॅटच्या टक्क्यांवरून लठ्ठपणा कुठे सुरू होतो याची जगभर एकमताने मान्य झालेली एक रेषा पण नाहीये, बायकांसाठी कोणी ३० धरतं कोणी ३५, पुरुषांसाठी बहुतेक २५. पॅकेज घ्यायची काही गरज नाही. व्यायामाला जायचं असेल तर महिन्याची फी भरून जा, मनापासून जा, पण भीतीपोटी नको.

तरी पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. तुझ्या अंगात फॅट थोडं जास्त असण्याचीच शक्यता आहे, कारण ते डच सूत्र आपल्या लोकांसाठी कमी सांगतं. सिंगापूरमध्ये चिनी, मलाय आणि भारतीय अशा तिन्ही लोकांचं फॅट नीट मोजून बघितलं, तर त्याच बीएमआयला गोऱ्या लोकांपेक्षा तिघांतही फॅट जास्त निघालं आणि तिघांत सगळ्यात जास्त आपल्या भारतीयांत.

पुण्याचं तर यात फार मोठं काम आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन, या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला होता. शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय एकच, २२.३. तुझ्या मिस्टरांसारखाच, अगदी मस्त नॉर्मल. पण स्कॅन करून फॅट मोजलं तर यूडकिनचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के! एवढा मोठा डॉक्टर माणूस स्वतःच्या शरीराचा दाखला देऊन सांगतो की बाबांनो, वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत काय असतं ते बघा. यूडकिन मॅरेथॉन धावणारे होते हा फरक आहेच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गरोदर बायका आणि त्यांची बाळं बघितली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आठशे ग्रॅम कमी! म्हणजे आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान असायला हवं ना, उंची कमी, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, तर होतंच तसं, पण पाठीवर कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारं पण आत चरबी धरून ठेवणारं बाळ. आपण जन्मतःच असे आहोत, पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांची लेकरं, आणि मग आपण गल्ल्यावर बसतो आणि रात्री दहाला जेवतो.

म्हणून तुझ्या पत्रातली ती ओळ, "त्यांचं पोट तेवढं सुटलंय, पण हातपाय बारीकच आहेत." अगं ही 'पण' लावून सांगायची गोष्ट नाही. हेच तर लक्षण आहे.

आता तू पाठवलेली मापं घे. तुझी कंबर ७७ सेंटिमीटर, मिस्टरांची ९५. आपल्याकडे बाईसाठी ८० आणि पुरुषासाठी ९० ही रेषा. तू आत आहेस, ते पाच सेंटिमीटर बाहेर. दुसरी एक सोपी तपासणी आहे, कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी पाहिजे, इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सल्ल्यातसुद्धा २०२२ पासून हे घातलंय. तुझी उंची १५७, निम्मी साडेअठ्ठ्याहत्तर, कंबर ७७, बसली बरोबर, पण जेमतेम हं. मिस्टरांची उंची १७०, निम्मी ८५, कंबर ९५. दहाने जास्त. उंची आणि कंबरेवरून फॅटचा अंदाज काढायचं एक नवं सूत्र पण आहे, २०१८ चं, अमेरिकेतलं, त्यात वजन लागतच नाही, उंचीला कंबरेने भागून २० ने गुणायचं आणि ते पुरुषाच्या ६४ मधून किंवा बाईच्या ७६ मधून वजा करायचं. त्याने मिस्टरांचे येतात २८ टक्के. वजनाच्या सूत्राने साडेएकवीस, कंबरेच्या सूत्राने अठ्ठावीस! तुझे येतात ३५, म्हणजे तुझा फरक तीनचा आणि त्यांचा साडेसहाचा. हेही अंदाजच आहेत, अमेरिकन लोकांवर बसवलेले, त्यामुळे आकडा छातीला लावून बसू नकोस, मला त्यातून एवढंच दाखवायचंय की टेप लावल्याबरोबर कोणाचं चित्र जास्त बदललं.

त्यांनी तुला सांगितलं ना की माझी पँट ३४ ची आहे, म्हणजे कंबर ८६ सेंटिमीटर, टेप चुकीचा आहे. टेप चुकीचा नाही. पोट सुटलेला पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतो, कमरेच्या हाडावर, आणि पोट पट्ट्यावरून पुढे येतं, त्यामुळे वीस वर्षं पँटचा नंबर तोच राहतो आणि माणसाला वाटतं आपण होतो तसेच आहोत. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या पुरुषांपैकी कितीतरी जण हेच सांगतात आणि अगदी प्रामाणिकपणे सांगतात. पुन्हा एकदा नीट मोज. शिवणकामाचा टेप घे, शर्ट वर कर, कुशीला सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचप, मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचप, दोन्हीच्या बरोबर मधे टेप गुंडाळायचा, मागूनही जमिनीला समांतर, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही असा, आणि माणसाने साधा श्वास सोडल्यावर वाचायचा. पोट आत ओढू द्यायचं नाही! दोनदा मोजून सरासरी घे.

पोटावरच्या चरबीला एवढं का घाबरायचं असं तुला वाटेल. मांडीवरची चरबी बहुतेक गप्प बसून असते. पोटाच्या आतली, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी मात्र रक्तात सतत स्निग्धाम्लं म्हणजे फॅटी ॲसिड सोडत राहते, लिव्हर शुगर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, मग शुगर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, बीपी एकेक करून चढतात आणि यातलं काहीही दुखत नाही. माणूस गल्ल्यावर बसून पैसे मोजत असतो आणि आत वर्षानुवर्षं हे चाललेलं असतं.

चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी आपल्या लोकांसाठी २००५ मध्ये एक साधा स्कोअर बनवला, अंगात न कळलेला डायबिटीस असण्याचा धोका किती ते बघायला. त्यात चारच गोष्टी आहेत, वय, कंबर, हालचाल किती आणि आईवडिलांना शुगर आहे का. बघ हं, त्यात उंची पण नाही आणि वजन पण नाही! मिस्टरांचा लावला मी. वय ३५ ते ४९ मध्ये, २०. कंबर ९० ते ९९ मध्ये, १०. व्यायाम शून्य आणि बसून काम, ३०. आईला शुगर, १०. झाले ७०. साठच्या पुढे धोका जास्त. ज्याचा बीएमआय २२.८, ज्याला ॲपने हिरवा रंग दिला, त्याचे सत्तर! तू मधल्या गटात येतेस, तुला वयाचे २० मिळतात, कंबरेचे शून्य, आईवडिलांना शुगर नाही म्हणालीस त्याचेही शून्य, आणि रोज स्टँडपासून बँकेपर्यंत चालत जातेस ते कामाला आलं.

तेव्हा करायचं काय, तर दोघांनी याच आठवड्यात लॅबमध्ये जा. उपाशी पोटीची शुगर, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल आणि बीपी. हे सगळं त्या पॅकेजच्या दहाव्या हिश्श्यातसुद्धा होईल. तीन महिन्यांची शुगर ५.७ च्या खाली आली तर छान, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे डायबिटीस, पण तो एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, डॉक्टर पुन्हा तपासून बघतात. उपाशी पोटीची १०० च्या आत पाहिजे. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. रिपोर्ट घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि कंबरेचं माप आणि सासूबाईंच्या शुगरचं त्यांना आठवणीने सांग, कारण मिस्टर समोर बसले की बारीकच दिसणार आणि डॉक्टरही घाईत असतात.

फॅट अगदी अचूकच मोजायचं असेल तर डेक्सा स्कॅन असतो, हाडांच्या ठिसूळपणासाठी करतात तोच, याज्ञिक-यूडकिनचं तसंच मोजलेलं. पण तुम्हा दोघांना आत्ता त्याची गरज नाही. अचूक टक्का कळून उपाय बदलणार नाहीये. मोठमोठ्या तज्ज्ञांच्या लॅन्सेटच्या समितीनेही जानेवारी २०२५ मध्ये हेच सांगितलं की नुसत्या बीएमआयवर कोणाला लठ्ठ ठरवू नका, सोबत कंबरेचं माप तरी घ्या किंवा फॅट प्रत्यक्ष मोजा, आणि त्याने शरीरात काही बिघडलंय का ते बघा.

मिस्टरांशी कसं बोलायचं हे तू विचारलं नाहीयेस पण मी सांगणार. त्यांनी तुला चिडवलं म्हणून आता ९५ चा आकडा घेऊन त्यांना चिडवायला जाऊ नकोस. शुगर निघाली तर ती दोघांच्या घरात निघणार आहे. आईंचा विषय काढ, त्यांना पहिल्यांदा शुगर निघाली तेव्हा त्या कशा दिसायच्या ते विचार, कितीतरी घरांत उत्तर असतं की बारीकच होत्या. आणि त्यांना हेही सांग की दहा-पंधरा किलो उतरवायचेत असं कोणी म्हणत नाहीये, ६६ किलोच्या माणसाने ते करायचंही नाही. चेन्नईलाच एक मोठा प्रयोग झाला, २००६ मध्ये छापून आला, शुगर उंबरठ्यावर असलेल्या लोकांना नियमित चालायला आणि खाणं सुधारायला लावलं, तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि गंमत म्हणजे वजन फारसं उतरलंच नव्हतं! काटा हलला नाही तरी आत फरक पडला. मला हे वाचून फार धीर आला होता, आणि मी प्रत्येकाला सांगते.

त्यांच्यासाठी सुरुवात दोनच गोष्टींची. रात्रीचं जेवण दुकानातच डब्यात आठला पाठव, भात कमी, उसळ जास्त, एखादी भाकरी, आणि दुकान बंद केल्यावर त्यांना घरी गाडीने न येता अर्धा तास चालत येऊ दे, जमलं तर तू पण स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत समोर जा, तेवढंच बोलणं होईल. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, बैठका, भिंतीला हात लावून जोर, दुकानात पत्र्याच्या पेट्या आहेत त्या नोकराला सांगण्याऐवजी स्वतः उचलायच्या, वाकून नाही, गुडघ्यात बसून. स्नायू कमी आणि पोट जास्त असलेल्या माणसाला नुसतं उपाशी ठेवलं तर उरलेला स्नायू पण जातो, म्हणून उपास वगैरे काही सुरू करू देऊ नकोस. तुलाही तेच, बैठका आणि डाळ-दही-अंडं ताटात वाढव, सव्वा किलोची चिंता सोड.

मुलीचं राहिलं. तिला त्या कॅल्क्युलेटरमध्ये पुन्हा घालू नकोस, कधीच नाही. मोठ्यांची १८.५ ची रेषा मुलांना लागू होतच नाही. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे बदलत जातो, म्हणून त्यांचा आकडा वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर मांडतात, आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचे तक्ते काढलेत, कुठल्याही मुलांच्या डॉक्टरकडे मिळतील. बारा वर्षांच्या मुलीला १७ व्यवस्थित आहे, अंडरवेट अजिबात नाही. आता तिची पाळी यायचं वय आहे, या काळात मांड्या आणि नितंबांवर थोडं भरणारच आणि ते भरायलाच पाहिजे. आणि तुला हात जोडून विनंती, तिच्यासमोर टक्के, जाड, फॅट हे शब्द काही दिवस बंद. तू रात्रभर जागलीस ते तिने बघितलं असणार.

लॅबमध्ये सकाळी लवकर जा, आदल्या रात्रीपासून दहा-बारा तास पोटात पाण्याशिवाय काही नको, आणि त्या दिवशी दुकान तासभर उशिरा उघडलं तर चालेल. रिपोर्ट आले की मला कळव, आणि आधी त्यांचा पाठव.